स्लाइडची चौकट

३५ मिलिमीटरच्या स्लाइडमध्ये चित्र जेमतेम २४ बाय ३६ मिलिमीटरचे असते. भोवती पुठ्ठ्याची किंवा प्लॅस्टिकची चौकट. वर्गवारी या चौकटीपासूनच सुरू होते. कोडॅकने धुतलेल्या अनेक स्लाइड्सच्या पुठ्ठ्यावर महिना, वर्ष आणि रोलमधला क्रमांक असतो. ती तारीख फिल्म धुतल्याची, फोटो काढल्याची नव्हे. अर्धा रोल कॅमेऱ्यात महिनोन्‌महिने पडून राहायचा. गणपतीच्या आराशीवर फेब्रुवारीचा शिक्का दिसतो तो त्यामुळे. क्रमांक मात्र भरवशाचे. त्यांवरून विस्कटलेला रोल जुळतो आणि एका ओळखीच्या चेहऱ्यावरून शेजारच्या अनोळखी फोटोंचा छडा लागतो. म्हणून लग्नाच्या स्लाइड्स एकीकडे, सहलीच्या दुसरीकडे असे करू नये. ती विभागणी संगणकावर केव्हाही होते. मोडलेला क्रम पुन्हा लावणे जिकिरीचे.

उलटी स्लाइड ओळखायला दुकानाची पाटी उत्तम. पदर उजव्या खांद्यावर दिसला तरी शंका घ्यावी, अर्थात साडी गुजराती पद्धतीची नसेल तर.

१९३६ साली ३५ मिलिमीटरमध्ये आलेली आणि २००९ मध्ये बंद झालेली कोडॅकची कोडाक्रोम फिल्म अंधारात रंग फार चांगले राखते, प्रोजेक्टरच्या उजेडात मात्र लवकर फिकी पडते. त्यामुळे पाहुण्यांना हौसेने वारंवार दाखवलेली स्लाइडच सर्वांत उडालेली निघते. जुन्या एक्टाक्रोमचे रंग डब्यात बंद असतानाही बदलतात.

मुंबई-कोकणात मोठा शत्रू दमट हवा. इमल्शन जिलेटिनचे, म्हणजे बुरशीचे खाद्यच. बुरशी लागलेल्या स्लाइडला पाणी लावू नये. बुरशीने पोखरलेले जिलेटिन पाण्यात विरघळते आणि चित्रही सुटून येते. रबरी ब्लोअरने सुटी धूळ उडवावी, पुढचे जाणकारावर सोपवावे.

४००० डीपीआयला स्कॅन केल्यास सुमारे २१ मेगापिक्सेलची प्रतिमा मिळते. घरगुती संग्रहाला तेवढे पुरे. स्कॅनरची इन्फ्रारेड धूळ-सफाई कोडाक्रोमवर बंद ठेवलेली बरी: तिचे रंग इन्फ्रारेड अडवतात, आणि यंत्र गडद भागालाच धूळ समजून पुसू लागते. मूळ प्रत टिफमध्ये, दोन वेगळ्या ठिकाणी ठेवावी.

स्कॅन झाले म्हणून स्लाइड्स टाकू नयेत. पीव्हीसीची पाकिटे टाळून पॉलिप्रॉपिलीनची घ्यावीत, डब्यात सिलिका जेल ठेवून ते पावसाळ्यात बदलत राहावे. उन्हाने तापणारा माळा यासाठी सर्वांत वाईट जागा. घराच्या आतल्या भिंतीलगतचे कोरडे कपाट चांगले.