बाळाची आकाशमार्गें पाठवणी

पहिल्या बाळंतपणासाठीं माहेरीं आलेल्या लेकीला, मूल तीन किंवा पांच महिन्यांचें झालें म्हणजे, सासरीं पोंचविण्याची आपल्याकडील रीत जुनी आहे. पाळणा, झबलीं, टोपडीं, दुपटीं असा सारा सरंजाम बरोबर देऊन मायलेकरांना पोंचविण्यास घरचें कोणीतरी वडील माणूस जात असे. वाट सांगलीहून मिरजेपर्यंतची असो कीं पुण्याहून नागपुरापर्यंतची. आगगाडीच्या डब्यांत मूल रडूं लागलें कीं चार बायका पुढें सरत. कोणी त्याला खांद्यावर घेई, कोणी खुळखुळा वाजवी, कोणी आपल्या पांच मुलांचा अनुभव सांगे.

ती रीत अजून टिकून आहे. वाट मात्र बदलली. पुण्यामुंबईच्या कितीएक घरांतील जांवई आज लंडन, म्युनिक, टोरांटो अशा ठिकाणीं असतात, आणि तान्ह्या नातवाला त्याच्या घरीं पोंचवावयाचें तर आकाशमार्गावांचून गत्यंतर नसतें. गेल्या मार्गशीर्षांत माझी लेक व तिचा साडेसहा महिन्यांचा मुलगा यांना लंडनला पोंचविण्यास मी गेलें. मूल बरोबर घेऊन विमानांत बसण्याचा आम्हां दोघींचाही तो पहिलाच प्रसंग. त्यांत जें पाहिलें व जें उमगलें, तें वाचक-भगिनींपैकीं कोणाच्या तरी उपयोगी पडेल.

मुंबई-लंडन हा विमानमार्ग तसा जुनाच आहे. बोटीचा काळ होता तेव्हां सुवेझच्या कालव्यांतूनही विलायत गांठण्यास दोन-तीन आठवडे लागत. ८ जून १९४८ रोजीं ‘मलबार प्रिन्सेस’ हें विमान मुंबईहून निघालें, आणि कैरो व जिनिव्हा असे मुक्काम घेत लंडनला पोंचलें, तेव्हां लोकांना तें नवल वाटलें. आज तेंच सुमारें साडेचार हजार मैलांचें अंतर कोठेंही न उतरतां नऊ-दहा तासांत संपतें. मोठ्यांच्या हिशेबीं हे तास म्हणजे एक जेवण व एक झोंप. बाळाच्या हिशेबीं मात्र ते तीन-चार वेळचें दूध, तितकींच दुपटीं, आणि न जाणों किती वेळचें रडणें असें असतात!

या शेवटच्या गोष्टीनेंच माझ्या लेकीचा धीर खचला होता. “आई, तो रडायला लागला तर काय करायचें ग? दोनतीनशें माणसें माझ्याकडेच बघत बसतील,” असें ती दिवसांतून चार वेळां म्हणे. एकदां तर, “चालायला लागेपर्यंत इथेंच राहूं का?” येथपर्यंत मजल गेली. इकडे बापानें मुलाला बारशानंतर पाहिलें नव्हतें. पालथें पडणें, रांगण्याची खटपट, उष्टावण, सारें त्यानें फोनच्या कांचेंतून पाहिलें. परक्या माणसांच्या कपाळावरील आठ्यांच्या भीतीनें बापलेकांच्या भेटीस आणखी सहा महिने लागावे, हें माझ्या मनाला पटेना.

तयारीला दीड महिना पुरला. तान्ह्या मुलालाही स्वतःचा पासपोर्ट लागतो, व तो पांच वर्षें चालतो. फोटोंत मात्र डोळे उघडे व तोंड मिटलेलें पाहिजे. ही अट मोठ्यांना सोपी. आमच्या बाळाने ती पुरी करण्यास एक सबंध सकाळ घेतली. दोन वर्षांच्या आंतील मूल आईच्या मांडीवर बसतें. त्याला निराळी बैठक नसते, पण तिकीट असतें, आणि तें मोठ्यांच्या तिकिटाच्या मानानें बरेंच स्वस्त पडतें. विमानांतील कांहीं आसनांसमोर भिंत असते. तिला लहानसा पाळणा अडकवितां येतो. असे पाळणे थोडेच असल्यामुळें तिकीट काढतांनाच तो मागून ठेवावा, आणि त्याला किती वजन चालतें हेंही विचारावें.

मुंबईच्या विमानतळाचें नवें टर्मिनल २०१४ सालीं खुलें झालें. मोराच्या पिसाऱ्यावरून सुचलेलें त्याचें छत आम्ही मान वर करून पाहिलें. बाबागाडींत उताण्या निजलेल्या बाळाला तर छताखेरीज दुसरें कांहीं दिसतच नव्हतें! तपासणीच्या ठिकाणीं आम्हांला दुधाची व नाचणीच्या पेजेची काळजी होती. विमानांतून मोठा घातपात करण्याचा कट २००६ सालीं लंडनमध्यें उघडकीस आला, तेव्हांपासून प्रवाशांच्या हातांतील पातळ पदार्थांवर शंभर मिलिलिटरची मर्यादा आली. बाळाच्या प्रवासापुरत्या अन्नाला मात्र तींतून सवलत असते. बाटल्या वेगळ्या काढून दाखविल्या, अधिकाऱ्यानें त्या पाहिल्या, आणि आम्ही पुढें गेलों.

मध्यरात्र उलटल्यावर विमान उडालें. त्यापूर्वीं संकटकाळच्या सूचना झाल्या. त्यांतील एक आपल्याकडील आयांनीं ध्यानांत ठेवण्याजोगी आहे: प्राणवायूचा मुखवटा आईनें आधीं स्वतःच्या तोंडावर बांधावा, मग मुलाच्या. ऐकतांना हें निष्ठुर वाटतें; परंतु आईच शुद्ध हरपून पडली तर मुलाकडे कोण पाहणार?

विमान पस्तीस-चाळीस हजार फुटांवरून जात असलें तरी आंतील हवेचा दाब सहा ते आठ हजार फुटांवरील, म्हणजे साधारण सिमल्याच्या उंचीवरील हवेइतका राखलेला असतो. ही हवा फार कोरडी असते, म्हणून बाळाला नेहमींपेक्षां अधिक वेळां पाजावें, आणि आईनें स्वतःही पाणी पीत राहावें. वर जातांना बाळ दूध पीत होतें. कांहीं त्रास झाला नाहीं. पुढें तें पाळण्यांत निजलें. मात्र हवेच्या झोतानें विमान हलूं लागलें कीं पट्टे बांधण्याची सूचना होई, व निजलेल्या मुलाला उचलून मांडीवर घ्यावें लागे. असें तीन वेळां झालें.

खरी परीक्षा उतरतांना आली. कानाच्या पडद्यामागील पोकळी व घसा यांना जोडणारी एक बारीक नळी असते. बाहेरचा दाब वाढूं लागला कीं ती उघडून हवा आंत जावी लागते. न गेल्यास पडदा आंत ओढला जाऊन ठणका लागतो. लहान मुलांत ही नळी अरुंद व आडवी असते. गिळण्यानें ती उघडते, म्हणून उतरतांना मुलाला पाजावें असें डॉक्टर सांगतात. आमच्या बाळानें मात्र त्याच वेळीं दूध नाकारलें आणि टाहो फोडला. लेकीचा चेहरा उतरला. “सॉरी, सॉरी” असें ती आजूबाजूस म्हणूं लागली.

पलीकडच्या आसनावर लेस्टरला राहणारी एक गुजराती आजी होती. ती हिंदींत म्हणाली, “माफी कसली मागतेस, बेटी? रडूं दे त्याला. रडण्यानेंच कान मोकळे होतात.” तिचें म्हणणें खरें होतें. रडतांना मूल मधून मधून आवंढा गिळतें, आणि त्यानें ती नळी उघडण्यास मदत होते. ज्या रडण्याची आम्हांला दीड महिना लाज वाटत होती, तोच त्या जीवाचा आपल्यापुरता उपाय होता! आजीबाईंनीं हात लांब करून आपल्या बांगड्या वाजविल्या. कानांत बोळे घातलेल्या एका गृहस्थांनीं पडलेला खुळखुळा उचलून दिला, व आपल्या मुलीच्या वेळची हकीकत सांगितली. खालीं अजून उजाडलें नव्हतें. लंडनच्या दिव्यांमधून थेम्सचा काळा, वळणावळणाचा पट्टा सरकत होता, आणि बाळ हुंदके देत देत बांगड्यांकडे पाहत होतें.

बाहेर जांवई उभे होते. मुलानें त्यांना ओळखलें असें म्हणणें धाडसाचें होईल; पण फोनमधला आवाज समोरच्या तोंडांतून येतो आहे याचें आश्चर्य त्याच्या डोळ्यांत स्पष्ट दिसलें. पुढचे चार-पांच दिवस त्याची पहांट भारताच्या घड्याळानें, म्हणजे तेथल्या मध्यरात्रीं होत राहिली, आणि त्या वेळीं त्याच्याशीं खेळण्याचें काम बापानें हौसेनें पत्करलें.

ज्या भगिनी लेकी-सुनांना असें पाठवीत असतील, त्यांनीं दुपटीं मोजून द्यावींत, कपड्यांचा एक जादा जोड आईचाही ठेवावा, आणि बाळाला सर्दी असल्यास डॉक्टरांना विचारल्यावांचून निघूं नये. त्याबरोबर आणखी एक गोष्ट लेकीच्या कानांत घालावी. कोणाचे उपकार घ्यावयाचे नाहींत, कोणाला आपला उपद्रव होऊं द्यावयाचा नाहीं, ही आपल्या घरांतील शिकवण चांगली खरी. परंतु तान्हें मूल कडेवर असतांना ती थोडी सैल करावी. शेजारच्या प्रवाशास “जरा धरतां का?” असें विचारण्यास संकोचूं नये. आगगाडीच्या डब्यांतील त्या चार बायका विमानांतही असतात; त्यांना हांक मात्र मारावी लागते.