सोन्यावरची साय

तापवलेलं दूध निवायला ठेवलं की साय आपली आपणच धरते. काचेवर चढवलेल्या सोन्याच्या मुलाम्यावर मेदाचा थर बसवणाऱ्यांनाही अशीच वाट पाहावी लागते. फक्त ही साय जेमतेम पाच नॅनोमीटर जाडीची, डोळ्यांना कधीच न दिसणारी.

या मेदाच्या, म्हणजे लिपिडच्या, रेणूचं डोकं पाण्याकडे धावतं, शेपट्या पाण्यापासून पळतात. त्यामुळे पाण्यात ते आपसूक दुपदरी होतात. शेपट्या आत, डोकी बाहेर. पेशीचं आवरण याच घडणीचं. गोर्टर आणि ग्रेंडेल या डच संशोधकांनी 1925 साली तांबड्या पेशींतला मेद पाण्यावर एकपदरी पसरून मापला, तेव्हा तो पेशींच्या पृष्ठभागाच्या जवळपास दुप्पट भरला होता.

काचेवर लिपिडचे सूक्ष्म फुगे सोडले, तर ते चिकटतात, दाटी झाली की फुटतात आणि सलग पसरतात. नुसत्या सोन्यावर तेच फुगे न फुटता हट्टानं बसून राहतात! मग सोन्यालाच आधी लेप द्यायचा. एका टोकाला गंधक असलेले रेणू सोन्याला घट्ट धरून शिस्तीत उभे राहतात, हे 1983 साली नझो आणि अलारा यांनी दाखवलं. त्या रेणूंचं मोकळं टोक कसं असावं, ते आपल्या हाती. पाण्याला भिणारं असलं, तर त्यावर लिपिडचा एकच पदर पालथा पडतो. अधूनमधून पाणी धरणाऱ्या लांब दोऱ्या ओवल्या, तर पुरता दुपदरी थर त्यांच्या आधारानं उभा राहतो आणि खाली पाण्याची बारीक फट उरते.

मला या साऱ्या खटाटोपात मोलाची वाटते ती ही फट. सोनं नव्हे, मेदही नव्हे. आवरण भेदून आरपार बसणाऱ्या प्रथिनांना दोन्ही बाजूंना पाणी लागतं; धातूला टेकली की त्यांचा आकार बिघडू शकतो. जवळीक हवी, पण अंगचटीला येणं नको. ऑस्ट्रेलियातल्या ब्रूस कॉर्नेल यांच्या गटानं 1997 साली अशाच बांधलेल्या थरात ग्रॅमिसिडिनच्या, आयन आरपार नेणाऱ्या, वाहिन्या बसवून संवेदक घडवला. वाहिनीतून आयन गेले की नाही, ते खालच्या सोन्यालाच विजेतून कळतं.

थर नीट बसला का, याचा निवाडाही वीजच करते. कुठे छिद्र राहिलं, तर आयन तिथून निसटतात आणि रोधाचा आकडा घसरतो. आणि जमलेला थरही पाण्याखालीच ठेवावा लागतो. हवेत काढला की तो बहुधा उखडतो.