मरणाची वेळ

वनस्पतिरोगाच्या परीक्षणात मेलेली पेशी दिसली, तर झाड हरले असे लगेच मानता येत नाही. ती पेशी कधी मेली, हे आधी पाहावे लागते.

या परीक्षणाची परंपरा पुण्यात जुनी आहे. एम. के. पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास येथे झँथोमोनास प्रजातीतील अनेक रोगकारक जिवाणूंचे वर्णन केले. जी. एस. चीमा यांनी १९३६ साली गणेशखिंड येथे आळंदीच्या डाळिंबातून निवडलेला, मऊ बियांचा जो वाण पुढे ‘गणेश’ म्हणून ओळखला गेला, तोही याच प्रजातीतील जिवाणूमुळे होणाऱ्या तेल्या रोगाला बळी पडतो.

हा जिवाणू पर्णरंध्रांतून किंवा जखमांतून आत शिरतो, पेशींमधल्या पोकळीत वाढतो आणि सुईसारख्या स्रावयंत्रणेतून आपली प्रथिने थेट यजमान पेशीत सोडतो. त्यांपैकी झॉप-एन हे प्रथिन नसलेला जिवाणू डाळिंबात कमी वाढतो आणि पेशीभित्तिकेवर कॅलोज, म्हणजे झाडाने डागडुजीसाठी लिंपलेली बहुशर्करा, अधिक साचते. अॅनिलिन ब्लूने रंगवलेल्या पानात अतिनील प्रकाशाखाली तिचे चमकते ठिपके दिसतात.

मात्र अशीच प्रथिने अनोळखी झाडात जिवाणूवर उलटतात. बिनसुईची सिरिंज तंबाखूच्या पानाच्या खालच्या बाजूस टेकवून, वरून बोटाचा आधार देत जिवाणूंचे दाट द्रावण हलक्या दाबाने सोडले, की शिरांमधला भाग ओला, गडद होतो. काही तासांत तो सुकतो. पण साधारण एका दिवसात तेवढाच भाग कोलमडून पुढे कागदासारखा होतो, कारण प्रथिने ओळखलेल्या पेशी स्वतः मरून जिवाणूची वाट अडवतात. स्रावयंत्रणा मोडलेला जिवाणू सोडल्यास मात्र पान हिरवेच राहते. डाळिंबात याउलट काही दिवस काहीच दिसत नाही, मग पाणी शोषल्यासारखे तेलकट ठिपके उमटतात आणि पेशी सावकाश मरतात. हा उशीर म्हणजे जिवाणूची सरशी.

बागायतदार पावसाळी मृग बहार टाळून हस्त बहार धरतो, बोर्डो मिश्रण फवारतो. या उपायांनी प्रादुर्भाव कमी होतो, झाडाची ओळखशक्ती वाढत नाही. म्हणून वाण निवडताना कमी डागांची रोपे शोधणे पुरेसे नाही; ज्या प्रथिनांवाचून जिवाणूचे चालत नाही, ती वेळेत ओळखणारी रोपे शोधावी लागतील.