हुदहुदचे नाव

परभणी जिल्ह्यातील काळ्याभोर शेतांच्या बांधांवर एक देखणा पक्षी हिंडताना दिसतो. अंग फिकट तांबूस, पंखांवर काळे-पांढरे पट्टे, चोच लांब व किंचित बाकदार. भुईवर उतरताच डोक्यावरचा तुरा तो पंख्यासारखा उघडतो आणि लगेच मिटतो. मातीत चोच खुपसून तो अळ्या वेचतो व शेतकऱ्याला नकळत साहाय्य करतो. पुष्कळ लोक त्याला सुतारपक्षी समजतात. पण तो हुदहुद होय.

इंग्रजीत त्याला 'हूपू' म्हणतात. हे नाव वाचताना मात्र जीभ अडखळते. इंग्रजीत पायाच्या बोटाला 'टो' म्हणतात आणि एका प्रकारच्या लहान होडीला 'कनू'. दोन्ही शब्दांची शेवटची अक्षरे तीच. ध्वनी मात्र निराळे! या पक्ष्याच्या नावाचा शेवटही त्याच अक्षरांनी होतो. मग वाचणाऱ्याने कोणती वाट धरावी?

मी शिकवीत असलेल्या वर्गात एका शेतकऱ्याच्या मुलाने हे नाव 'हूपो' असे वाचले. सारा वर्ग हसला. मुलगा मान खाली घालून बसला. त्या तासाला त्याने पुन्हा तोंड उघडले नाही. वास्तविक काही कोश 'हूपो' हाही उच्चार देतात. दुसऱ्या दिवशी मी त्यालाच विचारले, "तुमच्या शेतातला हुदहुद कसा बोलतो रे?" तो क्षणभर घुटमळला. मग हनुवटी छातीशी नेऊन त्याने हुबेहूब आवाज काढला, "हुप्... हुप्... हुप्!" या वेळी कोणी हसले नाही.

मग मी फळ्यावर नावे लिहिली : ग्रीक 'एपॉप्स', लॅटिन 'उपुपा', अरबी 'हुदहुद', इंग्रजी 'हूपू'. मुले ती मोठ्याने म्हणू लागली आणि सर्वांच्या ध्यानात आले, की ही सारी त्या आवाजाचीच लेकरे आहेत. १९४८ पर्यंत परभणी हैदराबाद संस्थानात होती. तेथील शिक्षणाचे माध्यम मुख्यतः उर्दू असल्याने अरबीतून उर्दूत आलेला 'हुदहुद' हा शब्द शिकलेल्या वडीलधाऱ्यांना परका नव्हता.

परभाषेतील शब्दाचा उच्चार कोशात पाहून अवश्य शिकावा. परंतु हे नाव प्रथम पाखराने उच्चारले, माणसाने ते नंतर लिहिले. ज्याने ते पाखराच्या तोंडून ऐकले आहे, त्याला हसण्यापूर्वी आपणही एकदा बांधावर जाऊन कान द्यावा.