अश्रू मागता येत नाहीत

आमच्या धर्मग्रामातील युवकांनी उपवासकाळासाठी क्रुसाखालच्या मरियेवरील एका गीताचा म्युझिक व्हिडिओ तयार करण्याचे मनावर घेतले आहे. पहिल्या बैठकीस त्यांनी जो आराखडा आणला त्यात ड्रोन होता, समुद्रावरील सूर्यास्त होता, धुराचे यंत्रही होते. मरिया मात्र मला कोठे सापडेना. तेव्हा मी सुचविले की, कॅमेरा भाड्याने आणण्यापूर्वी इतरांनी काय केले आहे ते आपण नीट पाहू या.

सेमिनरीत प्रवचनकला शिकविणारे आमचे प्राध्यापक नामवंत वक्त्यांची प्रवचने आम्हांस वाचावयास देत आणि मग विचारीत, "यातील पहिले वाक्य गाळले तर काय बिघडेल?" मी तीच रीत येथे लावली. एकदा आवाज बंद करून पाहायचे, एकदा पडद्याकडे पाठ करून ऐकायचे, नंतर दोन्ही एकत्र. हातात वही; चित्र जेथे बदलेल तेथे एक रेघ.

आरंभ घरच्या उदाहरणाने केला. 'मिले सुर मेरा तुम्हारा' हे गीत १५ ऑगस्ट १९८८ रोजी दूरदर्शनवर प्रथम झळकले. शब्द पीयूष पांडे यांचे, चाल आपल्या अशोक पत्कींची, वाद्यसंयोजन लुई बँक्स यांचे. पंडित भीमसेन जोशींच्या भैरवीने उघडणारे ते गीत आमच्या पिढीला पाठच आहे. परंतु मूकपणे पाहिल्यावर मलाही नवे काही दिसले. भाषा बदलली की भूमी बदलते, वेश बदलतो, मागील गजबज बदलते. समजावून सांगणारा निवेदक मात्र नाही. बंगाली ओळीला कोलकात्याची मेट्रो आहे, जी त्या काळी देशातील एकमेव होती, आणि मराठी ओळीला डेक्कन क्वीनमधील तनुजा. मुलांनी वहीत लिहिले, "स्थळ शोभेसाठी नाही." सूर्यास्त त्याच संध्याकाळी बाद झाला.

बॉब डिलनचा १९६५ सालचा तो लंडनच्या गल्लीतील तुकडा पाहून पोरे हसली. गायक गातच नाही. शब्द लिहिलेले पुठ्ठे एकामागून एक टाकीत उभा राहतो. सारे एकाच अखंड दृश्यात. वहीत एकही रेघ पडली नाही. खर्च किती झाला असेल, असा प्रश्न आमच्या खजिनदाराने तत्काळ केला. मला तो फार शहाणपणाचा वाटला.

खरा वाद पुढे झाला. आयरिश गायिका शिनेड ओकॉनर हिचा १९९० सालचा व्हिडिओ मी लावला. गीत प्रिन्सचे, दिग्दर्शन जॉन मेबरी यांचे. मध्येच पॅरिसजवळील एका उद्यानात चालणारी तिची आकृती दिसते, पण बहुतेक वेळ काळोखाच्या पार्श्वभूमीवर केवळ तिचा चेहरा आहे. शेवटाकडे डोळ्यांतून पाणी ओघळते. ते योजलेले नव्हते. १९८५ मध्ये अपघातात वारलेली आई त्या क्षणी आठवली, असे तिनेच पुढे सांगितले.

मागे बसलेले पॅरिश कौन्सिलचे एक ज्येष्ठ सदस्य उठले. "फादर, जिने पोपसाहेबांचा फोटो फाडला, तिच्याकडून आपण मरियामातेचे गाणे शिकायचे?"

प्रश्न वावगा नव्हता. ३ ऑक्टोबर १९९२ रोजी अमेरिकन दूरचित्रवाणीवर तिने पोप जॉन पॉल दुसरे यांचे छायाचित्र फाडले हे खरे, आणि ते कृत्य आजही मला बोचते. पण ते कशासाठी, हेही मुलांपुढे बोलणे भाग होते. ख्रिस्तसभेत बालकांवर झालेल्या अत्याचारांविरुद्धचा तो निषेध होता. तेव्हा तिची छी-थू झाली. २०१० साली पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी आयर्लंडच्या भाविकांना पत्र लिहून त्याच पापांबद्दल लाज व खेद प्रकट केला. फाडलेला फोटो तिच्या आईच्या खोलीतला होता, असे तिने आत्मचरित्रात लिहिले आहे. २०२३ साली ती वारली. तिची रीत मला मान्य नाही. तिचा आक्रोश खोटा होता, असे म्हणण्यास मात्र माझी जीभ रेटत नाही. सभागृह बराच वेळ शांत होते. कौन्सिलचे ते गृहस्थ खाली बसले, पण त्यांचे समाधान झाले असे नाही.

दुसऱ्याच बैठकीत एका उत्साही युवकाने सुचविले की, गेल्या वर्षी मुलगा गमावलेल्या आमच्या एका भगिनीला कॅमेऱ्यासमोर बसवावे. तिला रडू आपोआप येईल. मी ते तेथेच थांबविले. त्या व्हिडिओतून घेण्याजोगा आहे तो कॅमेऱ्याचा धीर. अश्रू कोणाकडून मागून आणायचे नसतात, आणि शोकात असलेल्या आईकडून तर मुळीच नाही. युवक खजील झाला. मनाने चांगला आहे तो.

आता आराखड्यात एकूण चार दृश्ये उरली आहेत. गायकवृंदातील एक प्रौढ बाई गाणार, स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी, सकाळच्या उजेडात. कॅमेरा तिपाईवर स्थिर. तिसऱ्या कडव्यात ती गाणार नाही, नुसती ऐकणार. तिथे वाद्ये असावीत की नाही, यावर ऑर्गन वाजविणारा आणि गिटारवाले यांचे अद्याप एकमत झालेले नाही.