स्वस्त भाड्याचे मोल

ग्वाल्हेरहून आग्रा आगगाडीने दोन तासांच्या आतले. इतके जवळ म्हणूनच की काय, सासूबाईंची ताजमहाल पाहण्याची इच्छा आम्ही वर्षानुवर्षे पुढे ढकलीत आलो. काचबिंदूने त्यांची दृष्टी मंदावू लागली, तेव्हा मात्र गेल्या हिवाळ्यात एका गुरुवारी निघालो.

स्थानकाबाहेर प्रीपेड रिक्षाच्या खिडकीवर रांग होती. तेवढ्यात एक रिक्षावाला "माताजी, माताजी" करीत पुढे आला. निम्म्या भाड्यात नेतो म्हणाला आणि आम्ही हुरळलो. वाटेत त्याने सांगितले की, ताजजवळ पेट्रोलच्या गाड्या नेता येत नाहीत आणि आत्ता गर्दीही फार आहे. तोवर संगमरवराचे काम पाहून घ्या. पहिली गोष्ट खरीच होती. ताजपासून ५०० मीटरच्या आत अशा वाहनांना मनाई आहे. एका खऱ्याच्या आडून दुसरे खोटे खपून गेले.

एका दुकानातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या! गिऱ्हाईक आणल्याबद्दल त्याला दलाली मिळते, हे आम्हांस फार उशिरा उमगले. ताजचे दरवाजे सूर्यास्तापूर्वी अर्धा तास बंद होतात. आम्ही पोहोचलो तेव्हा ते बंद झाले होते. दुसरा दिवस शुक्रवारचा, आणि शुक्रवारी ताज प्रवाशांस बंद. परतीची तिकिटे त्याच दुपारची.

सकाळी एका वृद्ध रिक्षावाल्याने ठरल्या भाड्यात यमुनेपलीकडच्या मेहताब बागेत नेले. तेथून नदीपलीकडे ताज दिसतो. सासूबाई बराच वेळ पाहत राहिल्या. "दिसला हो," म्हणाल्या. खरोखर दिसला, की आमच्या समाधानासाठी म्हणाल्या, हे विचारण्याचे धैर्य आम्हांस झाले नाही.

तेव्हापासून आमच्या घरी प्रवासाचे काही नियम झाले आहेत. रांग असली तरी प्रीपेडची पावती घ्यावी, आणि ती मुक्कामी पोहोचल्यावरच चालकाच्या हाती द्यावी. भाडे माणशी की सगळ्यांचे, सामान धरून की वेगळे, हे चढण्यापूर्वीच बोलून घ्यावे. वाहनाचा क्रमांक टिपून ठेवावा. "आज बंद आहे", "धर्मशाळा भरली" असे कोणी सांगितल्यास स्वतः दाराशी जाऊन पाहावे. वाटेतल्या दुकानांना आधीच नकार द्यावा. आणि सुटीचा वार घरूनच पाहून निघावे.

त्या रिक्षावाल्यास दोष द्यावा तेवढा थोडाच. परंतु चार पैसे वाचविण्याचा मोह आमचा होता. त्याची किंमत मात्र सासूबाईंनी मोजली.