आबा आणि उंबरा

आमच्या घरी आई, वडील, धाकटी बहीण, मी आणि आबा असे पाचजण आहोत. आबा म्हणजे माझे आजोबा. त्यांनी उभा जन्म शेती केली. त्यांनी धरलेला तास सुतासारखा सरळ असायचा, असे गावातली जुनी माणसे अजून सांगतात.

चार वर्षांपूर्वी आबांचा उजवा हात थरथरू लागला. आम्हाला वाटले, म्हातारपण आले. पण डॉक्टरांनी तपासून सांगितले, की हा कंपवात आहे. याला पार्किन्सनचा आजार असेही म्हणतात. जेम्स पार्किन्सन नावाच्या लंडनच्या डॉक्टरांनी १८१७ साली या आजारावर पुस्तिका लिहिली, म्हणून हे नाव पडले. आपल्या मेंदूत डोपामिन नावाचे द्रव्य तयार होते. त्याच्यामुळे हातपाय आपल्या मनासारखे चालतात. ते तयार करणाऱ्या पेशी हळूहळू कमी होत गेल्या, की हा आजार होतो. तो एकाचा दुसऱ्याला लागत नाही.

आबांचा हात मांडीवर ठेवला की जास्त थरथरतो. सदऱ्याची गुंडी लावायला फार वेळ लागतो. अक्षर मुंगीएवढे झाले आहे. आवाज बारीक झाला आहे. चेहऱ्यावर हसू दिसत नाही, म्हणून लोकांना वाटते आबा रागावलेत. पण ते रागावलेले नसतात. रोज ठरलेल्या वेळी लेव्होडोपाची गोळी घ्यावी लागते. ती वेळ माझी बहीण सांभाळते. आपल्या रानातल्या खाजकुइलीच्या बियांतही हेच द्रव्य असते, पण त्या आपल्या मनाने कधी खाऊ नयेत.

सगळ्यात अवघड म्हणजे उंबरा. दाराशी आले की आबांचे पाय एकदम थांबतात.

मागच्या १५ ऑगस्टला आबा झेंडावंदनाला आले होते. शाळेच्या दारातच त्यांचे पाय अडकले. मागे माणसे खोळंबली. एक मुलगा ओरडला, "आबांची बॅटरी संपली!" सगळी पोरे हसली. मीपण हसलो. आबांनी माझ्याकडे बघितले. मी मान फिरवली. कुणाची तरी आई पुढे झाली आणि तिने त्यांना हात दिला.

रात्री मी आबांजवळ गेलो. ते म्हणाले, "मन म्हणतंय चल, आन् पाय म्हणत्यात न्हाई. जिमिनीला चिकाटल्यागत हुतंय बघ." मग थोड्या वेळाने म्हणाले, "तू हसलास त्ये दिसलं मला." मला खूप रडू आले.

पुढच्या वेळी मी वडिलांबरोबर डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, "त्यांना ओढू नका, घाई करू नका. जमिनीवर आडव्या रेघा काढून बघा. एकेक रेघ ओलांडायची." घरी येऊन मी उंबऱ्यापुढे खडूने रेघा काढल्या आणि कवायतीसारखे "एक, दोन, एक, दोन" म्हटले. आबांचा पाय उचलला! ते उंबरा ओलांडून आत आले. आई पदराने डोळे पुसू लागली.

आता रोज सकाळी रेघा काढणे हे माझे काम आहे. कधी कधी रेघा असूनही पाय अडकतात. तेव्हा मी नुसता शेजारी उभा राहतो. थोड्या वेळाने आबाच म्हणतात, "चल रं."

मित्रांनो, आज पालक आपले भित्तिपत्रक वाचायला येणार आहेत. आबाही येणार आहेत. मी हे लिहिले आहे ते त्यांना ठाऊक नाही. ते दारात थांबले, तर कोणी हसू नका आणि ओढू नका. जरा थांबा. आणि शाळेच्या दारात मी सकाळी पांढऱ्या रेघा काढल्या आहेत, त्या कृपा करून कोणी पुसू नका.

— इयत्ता सातवी